काही झालेलं नाही

आमच्या रविवारच्या चित्रकला ग्रुपमध्ये चित्रं कमी पूर्ण होतात, किस्से जास्त. चित्रं निदान माळ्यावर टाकता येतात, किस्से सोबतच फिरतात. त्यातही नंदाताईंचे फार.

*

एकदा आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी पोलंडच्या एका जुन्या चित्राची प्रिंट आणली. मोकळ्या माळावर एक शेतकरी बाई अनवाणी, पाठीवर निवांत पडलीय. लांब गुरं आहेत, आणि ही हवेत तरंगणारा कोळिष्टकाचा धागा हातात धरून खेळतेय. सर प्रकाशाबद्दल बोलत होते. नंदाताई आता शहरात राहतात, पण पिशोर गावच्या शेतकरी घरातली सून. त्यांनी विचारलं, "हिची सासू कुठंय?"

"फ्रेमच्या बाहेर," सर म्हणाले.

"मग लवकर रंगवा म्हणावं, यायच्या आत."

*

ताईंच्या डोक्यातून ते चित्र जाईना. "आख्खी जिंदगी शेतात वाकले, आडवी एकदा बी नाय झाले. माझं असं चित्र काढा आन् प्रदर्शनात लावा."

पुढच्या रविवारी हर्सूल तलावाच्या काठी त्या चपला काढून गवतात पडल्या. लगेच फिरायला आलेली मंडळी जमली. "काय झालं? चक्कर?" पुरुष झाडाखाली पडला तर तो झोपलेला असतो, बाई पडली की तिला काहीतरी झालेलंच असतं! मला याचा भयंकर राग येतो.

एका काकांनी भाजीच्या पिशवीतून कांदा काढला, नाकाला लावायला. सर कॅनव्हासवरून मान न उचलता म्हणाले, "थांबा हो, अजून त्यांचे पाय काढायचे राहिलेत."

काका मटकन खाली बसले. कांदा शेवटी त्यांच्याच नाकाला लागला.

*

तेवढ्यात कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला होता. ताई घरी पोचायच्या आधी तो पिशोरला पोचला. दिराचा फोन आला, "वहिनी, कोणत्या दवाखान्यात हाय?"

"दवाखान्यात नाय भावजी, गवतात हाय."

*

प्रदर्शनाच्या हॉलचे मॅनेजर चित्र बघून चुळबुळले. "बाई अशी रिकामी पडलेली बरी दिसत नाही. हातात विळा द्या ना, कष्टकरी वाटेल." सरांनी चक्क ब्रश उचलला. ताई शांतपणे म्हणाल्या, "विळा दिला तर मला उठावं लागंल."

सरांनी ब्रश खाली ठेवला. आम्ही मॅनेजरांना सांगितलं, हे चित्र उतरलं तर आमची सगळीच उतरतील. चित्र लागलं, पार दाराजवळ, पण लागलं.

*

शेवटच्या दिवशी पिशोरहून सासूबाई आल्या, थेट दारातच चित्र. ताईंनी नकळत पदर सावरला.

सासूबाई चित्राच्या अगदी जवळ गेल्या. मग चित्रातल्या ताईंशेजारच्या गवतावर बोट ठेवून त्यांनी सरांना विचारलं, "ही जागा रिकामी का ठिवली?"

सर रचना, समतोल असं काहीतरी सांगायला लागले. त्यांना मधेच तोडत सासूबाई म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. ऐतवारी किती वाजता यायचं?"