जिच्यावर मी पत्रक लिहिलं, तिनं माझी नाडी धरली

ज्या गोष्टीला तुम्ही भर सभेत ढोंग म्हणालात, तीच एके दिवशी चारचौघांत तुमच्या स्वतःच्या देहाला होऊ लागली, तर तुम्ही लोकांना खरं सांगाल का? मी सांगितलं नाही. दोन वर्षं लपवलं, आणि त्या लपवण्यापायी मरता मरता वाचले.

आमचं घर गोंदियाजवळच्या फुलचूरचं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, घरातले देव त्याच आठवड्यात निघाले. बाबा दर रविवारी विहाराच्या दारात सतरंजी टाकून पुस्तिका आणि पत्रकं घेऊन बसत. मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली. बावीस वर्षांची असताना मी स्वतःचं चार पानी पत्रक लिहिलं आणि गोंदियात छापून आणलं. विषय होता अंगात येणाऱ्या बाया. त्या लोकांना कशा फसवतात, घुमून स्वतःचा मान कसा वाढवून घेतात, हे मी अगदी तावातावानं मांडलं होतं. शेवटची ओळ अशी होती की, अशा बाईच्या एक थोबाडीत ठेवून द्या, देवी पळून जाईल. लोकांनी पाठ थोपटली. बाबांनी ते पान घडी करून खिशात ठेवलं आणि भेटेल त्याला दाखवलं.

पत्रक वाटून महिनाही झाला नव्हता, मी कॉलेजच्या वाचनालयात उभ्या उभ्या कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा मुली पाणी शिंपडत होत्या. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा, आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. मग बसस्टँडवर पडले. दुसरे डॉक्टर आईला म्हणाले, लग्न करून द्या, आपोआप बरी होईल. तिसऱ्यांनी ईसीजी काढला. तो स्वच्छ आला. पुढे आणखी दोनदा काढला, दोन्ही वेळा स्वच्छच, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत मी ठणठणीत झालेली असायची. पडताना हातपाय झटके देतात असं मैत्रिणींनी सांगितलं, तेव्हा मिरगी ठरली आणि मिरगीच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी डोकं जड व्हायचं, वाचताना ओळी एकमेकींत मिसळायच्या, आणि पडणं थांबत नव्हतंच.

पण खरी चूक डॉक्टरांची नव्हती. विहारात वंदना चालू असताना मी एकदा पडले आणि मागून कोणीतरी कुजबुजलं, "पत्रकवाल्याच्या पोरीच्या आंगात येऊन राहिलं." त्या एका वाक्याची मला मरणापेक्षा जास्त भीती बसली. मी पडण्याआधी येणारी ती डोळ्यांपुढची करडी चादर ओळखायला शिकले. ती आली की संडासात शिरून कडी लावायची, तिथंच पडायची, उठून तोंड धुऊन बाहेर यायची. महिन्यात सात वेळा पडले असेन तर डॉक्टरांना दोनदा सांगायची. आमच्या घरात अंगात येणं चालत नाही, म्हणून माझ्या काळजाचं दुखणं मी कोंडून ठेवलं.

दोन वर्षं अशीच गेली. पावसाळा होता, विहारात वर्षावास सुरू होता. रविवारी दुपारी विहारात ग्रंथवाचन, आणि वाचायची पाळी माझी. विहाराच्या ओसरीत एक बाई टोपली घेऊन टेकली होती. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब निघतात, त्यांना आमच्याकडे वास्ते म्हणतात. ते विकायला ती जवळच्या कामठा गावाहून यायची. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. ती आत आली नव्हती, तिला आत यायचंही नव्हतं. तिची बस चुकली होती, एवढंच. मी वाचता वाचता हवेसाठी दाराकडे सरकले, आणि करडी चादर आली. या वेळी कडी लावायला जागा नव्हती.

पुढचं मला इतरांनी सांगितलं. मी पडले ती थेट तिच्या टोपलीवर. तिनं वास्ते बाजूला सारले, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि मनगट धरून तोंडातल्या तोंडात मोजायला लागली. बाबा धावत आले.

"बाई, हात सोडा तिचा. इथं देवीफिवी चालत नाही."

"चूप राय भाऊ. मले मोजू दे."

मी डोळे उघडले तेव्हा ती माझ्या तोंडावर वाकलेली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नाडी नोती इच्या हातात," ती बाबांना म्हणाली. "आठ मोजलं मी. मंग आली, ते बी एक एक करून."

"मिरगी आहे तिला. गोळ्या चालू आहेत."

"मिरगी नाही होय. माह्या आंगात माता येते, दर नवरात्रात. तवा माही नाडी घोड्यावानी धावते. घरचे धरून पायतेत, खरं आहे का नाटक आहे म्हणून. इची तं थांबली ना भाऊ! घेऊन जा इले मोठ्या डॉक्टरकडे. काऊन उभे होऊन राहिले?"

जिला मी चार पानांत ढोंगी ठरवलं होतं ती बाई माझ्या बापाला, माझ्या विहारात, नाडी तपासायला शिकवत होती. मला त्या क्षणी कृतज्ञता वाटली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मला धक्का बसला, आणि धक्क्याच्या खाली राग होता. मी आयुष्यभर तपासून घ्या, पुरावा मागा, असं ओरडत आले होते. त्या बाईच्या घरात मनगट धरून पाहण्याची रीत होती. मी मात्र एकाही घुमणाऱ्या बाईचं मनगट कधी हातात घेतलं नव्हतं, आणि स्वतःचंसुद्धा नाही.

तिचं नाव तुळसाबाई. दुसऱ्या दिवशी बाबा कामठ्याला गेले आणि तिला सोबत चलण्याची विनंती केली. माझ्या बापानं एखाद्या देवीवाल्या बाईपुढे हात जोडलेले मी कल्पनेतही पाहिले नव्हते. ती आली. नागपूरच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली आणि मनगट सोडायला तयार होईना. तुमसर मागे पडलं, पण त्या दिवशी मला बाहेरचं काही दिसलं नाही. शेवटी मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मावशी, तुमच्यासारख्या बायांवर मी पत्रक लिहिलंय."

"काय लिवलं?"

"ढोंग करता म्हणून."

ती हसली. "करतेत ना! आमच्या गावात दोघी करतेत. मले इचारलं असतं तं नावं सांगितली असती." मग जरा वेळानं, खिडकीबाहेर बघत, "पन इचारलं नाही तुनं."

नागपूरच्या डॉक्टरांनी आधीचे कागद चाळले, ईसीजी काढला. तोही स्वच्छ. ते मिरगीच्या गोळ्या वाढवून लिहायला लागले होते. तुळसाबाई दारातून म्हणाली, "डॉक्टरसाब, आठ मोजेपर्यंत नाडी नोती." पेन थांबलं. "कोणी मोजलं?" त्यांनी विचारलं. मग माझ्याकडे वळून, "आणि महिन्यात किती वेळा पडता? खरं सांगा." मी बाबांकडे पाहिलं आणि पहिल्यांदा खरं सांगितलं. सात, कधी आठ. संडासात, कडी लावून. बाबांच्या हातातली पिशवी खाली पडली.

छातीला तारा चिकटवून कमरेला यंत्र बांधलं. चोवीस तास काही झालं नाही. यंत्र काढायची वेळ झाली तेव्हा डॉक्टर स्वतःच म्हणाले, आणखी एक दिवस ठेवू. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाटेवर बसून केस विंचरत होते. फणी केसात तशीच राहिली आणि मी आडवी झाले.

त्या यंत्रातून निघालेला कागद मी पाहिला आहे. काळजाचे ठोके नीट चाललेले, टोकदार, एकामागून एक. आणि मग काहीच नाही. एक सरळ रेघ, नऊ सेकंदांची. डॉक्टर बोटानं ती रेघ दाखवत म्हणाले, मेंदूला रक्त पोचत नाही म्हणून झटके येतात, ही मिरगी नाही. वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नाही. एखाद्या वेळी ही रेघ संपली नसती. दोन वर्षं मी त्या रेघेवर एकटी जाऊन झोपत होते, आणि मला काळजी होती लोक काय म्हणतील याची.

पेसमेकर बसवायचं ठरलं. तो बसवताना पूर्ण भूल देत नाहीत, जागा बधिर करतात. डाव्या खांद्याखाली कापताना ओढ जाणवते, बोलणं ऐकू येतं. टेबलावर मला त्रिशरण आठवलं, बुद्धं सरणं गच्छामि. लहानपणापासून रोज म्हटलेलं, सभांमध्ये घोषणेसारखं म्हटलेलं. त्या दिवशी ते म्हणताना माझ्याकडे कोणाला पटवायचं काही उरलं नव्हतं. मी कोणाची लेक, काय लिहिते, कशाच्या विरुद्ध आहे, त्यातलं काहीच तिथं कामाचं नव्हतं. मी अंग सैल सोडलं. शरण जाणं म्हणजे हरणं असं मला वाटत आलं होतं. तिथं ते पाण्यावर उताणं पडून राहण्यासारखं वाटलं, खालून कोणीतरी उचलून धरलेलं. कोणी, ते मला माहीत नाही. मी त्याला करुणा म्हणते.

बाहेर बाकावर बाबा आणि तुळसाबाई शेजारी शेजारी बसले होते. ती डोळे मिटून मातेचं नाव घेत होती. बाबा म्हणाले, "तुमचं चालू द्या, पण हळू आवाजात." ती डोळे न उघडता म्हणाली, "तुमच्या बुद्धाले तरास नाही होत भाऊ, तुमालेच होते." बाबांनी पुढे आईला सांगितलं की त्यानंतर त्यांनीही डोळे मिटले.

पेसमेकर बसल्यापासून मी एकदाही पडलेले नाही. तिची बस का चुकली, मी नेमकी तिच्या टोपलीवर का पडले, याची उत्तरं मी शोधत नाही. माझी मतं फारशी बदललेली नाहीत. फसवणाऱ्यांविरुद्ध मी आजही लिहिते. मात्र थोबाडीची ती ओळ असलेली उरलेली पत्रकं मी स्वतः चुलीत घातली, आणि कामठ्याला जाऊन मावशीला तसं सांगितलं. ती वास्ते चिरत होती. म्हणाली, "जेवून जाजो."

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात, वस्तीत, विहारात किंवा देवळात अशी एक तरी बाई असेल, जी वरचेवर पडते आणि जिच्याबद्दल सगळ्यांनी काहीतरी ठरवून टाकलं आहे. तिच्याकडे आजच जा. चारचौघांत नको, एकटीला गाठा, आणि विचारा, खरंच किती वेळा पडतेस? ती सांगेल तो आकडा कागदावर लिहा, आणि डॉक्टरांकडे तिला एकटी पाठवू नका. सोबत जा.