चालून दाखव

माझा डावा पाय बैलानं मोडला आणि माणसांनी वाकडा केला. बैलाचा मला राग नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. सांगलीच्या अलीकडं कृष्णेकाठी आमचं गाव, ऊस घरचा, गुऱ्हाळ घरचं. चरकाला ऊस लावून मी मागं सरले आणि चरक ओढत गोल फिरणाऱ्या बैलानं माझ्या पावलावर खूर ठेवला. कडकन आवाज आला. वडील पेन्शनीतले हवालदार. त्यांनी आधी बैलाचा खूर पाहिला, मग माझं पाऊल.

संध्याकाळी तालमीचे वस्ताद आले. आमच्या भागात हाड बसवणं वस्तादाचं काम. पैलवानांचे खांदे बसवता बसवता त्याचा हात साऱ्या गावावर चालायला लागतो. त्याचा पैसा मात्र तो घेत नाही, घेतला तर हाताचा गुण जातो म्हणतात. इथंच सगळी गोम होती. पैसे घेणाऱ्याला शिव्या घालता येतात, वैद्य बदलता येतो. फुकट करणाऱ्याला कोणत्या तोंडानं विचारायचं? त्यानं बांधलेलं दुसऱ्यानं सोडलं, तर सारा गाव त्या घराला उपकार विसरलेलं घर म्हणे.

वस्तादांनी पाऊल ओढलं, दाबलं, अंड्या-हळदीचा लेप थापला आणि बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलं. गुऱ्हाळं संपली, शिमगा झाला, तरी सूज उतरेना. पाऊल टेकलं की डोळ्यांपुढं काजवे चमकत. बोटं आत वळायला लागली होती. दर वेळी वस्ताद पट्टी सोडत, अंगठ्यानं हाड चाचपत आणि "बसतंय, बसतंय" म्हणत. शेवटी मला राहवलं नाही.

"आवं, बसतंय तर बोटं आत का वळाय लागली? मिरजंला नेऊन आतला फोटू काढून बघूया का एकदा?"

वस्तादांनी हातातली कामटी खाली ठेवली. माझ्याकडं न बघता वडिलांना म्हणाले, "हवालदार, पोरीचा इस्वास न्हाई. आता हाड बसायचं न्हाई."

झालं. पाय बरा का होत नाही, याचं कारण घराला सापडलं. आई जेवण वाढताना म्हणायची, "तोंड गप ठिवलं असतंस तर आज हिंडती-फिरती असतीस." वडिलांनी मला दंडाला धरून तालमीच्या दारात नेलं आणि उंबऱ्यावर नाक घासायला लावलं. आतल्या पोरांनी जोर मारायचं थांबवलं, कुणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी वस्ताद आले आणि त्यांनी पुन्हा बांधलं, आधीपेक्षा घट्ट. तो उपचार नव्हता, शिक्षा होती, हे मी आजही म्हणेन.

मग म्हसवडच्या बाजूचं स्थळ आलं. मुलगा पलटणीत, रजेवर आलेला. रजा संपायच्या आत अक्षता पडायला हव्या होत्या. आमच्यात मुलगी बघायला आले की तिला अंगणातून चालून दाखवावं लागतं. बैलबाजारात दात बघतात, इथं चाल. सकाळीच वडिलांनी वस्तादांना बोलावून कामट्या सोडवल्या. "चालंल," वस्ताद म्हणाले.

वडील म्हणाले, "तुळशीपासनं दारापतुर. लंगडलीस तर दुसरं तंगडंबी मोडून हातात दीन."

मी चालले. लुगड्याचा घोळ पावलांवर सोडून, ओठ दाताखाली धरून, सरळ चालले. "चाल बरी हाय," मुलाचा बाप म्हणाला. बैठकीत बसलेल्या वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. मी अंगणात फतकल मारून बसले आणि लुगडं घोट्याच्या वर घेतलं.

"बघा. सुजून भोपळा झालाय. हाड बसल्यालं न्हाई. मिरजंला नेणार असाल तर पसंत म्हणा."

मुलाची आई उठून जवळ आली. तांदूळ निवडताना बघावं तसं तिनं माझं पाऊल वाकून नीट पाहिलं. "लंगडी शेळी आमी दारात आणत न्हाई," ती म्हणाली आणि पदर सावरत निघाली. पोहे तसेच राहिले. मुलगा दारातून एकदा मागं वळला आणि मान खाली घालून आईमागं गेला. युद्धावर जाणारा म्हणे.

वस्तादांनी गावभर सांगितलं, "हाड मी बसवलं हुतं, पोरीनं जिभेनं मोडलं." लोकांना ते पटलं. मला कुणी विचारायला आलं नाही.

दुसरं स्थळ बघायचं तर पाय दुरुस्त हवा, एवढ्याच विचारानं वडिलांनी अखेर मिरजेला गाडी जुंपली. तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. हाड वाकडं जुळलं होतं. ते म्हणाले, "पुन्हा मोडून प्लॅस्टरमध्ये घालावं लागेल. चालताना थोडी लंगडेल, पण दुखणं जाईल."

"लंगडी ऱ्हाणारच?" वडिलांनी विचारलं.

"थोडी राहील."

वडिलांनी फेटा डोक्यावर चढवला. "मग ऱ्हाऊ द्या. दुखणं काय कुणाला दिसत न्हाई."

मी म्हटलं, "मोडा, डॉक्टर."

डॉक्टर म्हणाले, बापानं हो म्हणायला हवं. बाप तोवर बाहेर जाऊन बैल जुंपत होता.