उधाणाच्या दिवशी पाहणी

ग्रामपंचायतीत निवडून आले तेव्हा वाटलं होतं, नळ आणि रस्ते बघायचे. प्रत्यक्षात वरून आलेल्या हुकमांना उत्तरं देण्यातच आमचा जीव मेटाकुटीला आला.

माझं माहेर रोह्याच्या बाजूचं, खांबचं. खाडी नीट पाहिली ती लग्न होऊन पेणकडे आल्यावर. पूर्वी इथं खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या बांधाला खांड पडली, तर कुणी कुणाला विचारत नसे. उधाण ओसरून भांगाचे दिवस आले, पाण्याचा जोर कमी झाला, की घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर जाई आणि सगळे मिळून चिखलानं खांड बुजवत. ज्या घरातून कुणी आलं नाही, त्या घराशी लोक बरेच दिवस तुटक वागत.

यंदा खांड पडली ती माझ्या चुलत सासूबाईंच्या शेतालगत. काकींचं तेवढंच शेत. पण आता किनाऱ्याच्या जमिनीवर राज्याची नजर. बांधाकडेला तिवरं, म्हणजे खारफुटी, आलेली, म्हणून परवानगीशिवाय मातीचं एक घमेलंही टाकायचं नाही, असा हुकूम आला. पंचायतीनं ठराव केला. मग आणखी एक केला. शेवटी परवानगी देणारे साहेब पाहणीला येतो म्हणाले आणि दिवस आम्हालाच ठरवायला सांगितला.

सरपंच म्हणाले, "अमावास्येला बोलवू. उधाणाचं पाणी शेतात कसं घुसतं ते बघू दे त्यांना. दगडाला पण पाझर फुटंल."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

साहेब भर दुपारी आले, भरतीही आली. काकींचं शेत बघता बघता भरलं आणि आम्ही, देवाशपथ सांगते, खूश झालो.

"पाणी नेहमी येतं का इथं?" साहेबांनी विचारलं.

काकी लगबगीनं पुढे झाल्या. "व्हय साहेब, दर भरतीला येतं. आता तर तिवर पण उगवलाय शेतात, बगा ना."

साहेब माणूस भला. चहा घेतला, जाताना काकींना नमस्कार केला.

पुढे निकाल आला. जिथं भरतीचं पाणी खेळतं आणि तिवर उगवतो, ती जागा खाडीची. तिथं बांध घालता येणार नाही. सरपंचांनी हरकतीचा ठराव मांडला. हात वर करायचाही मला कंटाळा आला होता. तिवरं तोडू नयेत हे मलाही पटतं, त्यामुळे राग तरी कुणावर काढायचा? शेत आधीचं आणि पाणी नंतरचं, एवढं साधं त्या दिवशी आमच्यातल्या एकालाही सांगायचं सुचलं नाही.

सभेनंतर काकी माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

"मी व्हय बोलले म्हणून शेत गेलं का गो माजं?"

"नाय काकी."

"आन् पाणी नेहमी येत नाय, असं बोलले असते तर?"

दिवसभर सभेत बसून माझ्यात खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

"तर कदाचित राहिलं असतं," मी म्हटलं.