दांडग्या एक्सलची जीप

लग्न होऊन तीन आठवडे झाले होते. सासरचं रान दाखवायचं म्हणून मला हिरवी इरकल नेसवून जीपमध्ये पुढं बसवलं. मागं सासूबाई, त्यांच्या मांडीवर दहीभाताचा डबा आणि पायाशी नारळ. चालवायला सासरे. कळंब्याचा तलाव मागं पडला, गाडीनं डांबरी सोडली आणि आमच्या रानाखालचा चढ लागला. चढ म्हणजे चिकणमातीची घसरगुंडी. सासऱ्यांनी फोर-व्हीलचा दांडा ओढला, गाडी गुरगुरत निम्म्यापर्यंत गेली आणि पोटाखालून 'काट्टकन्' आवाज आला. मागची चाकं गप्प झाली. गाडी सावकाश, अगदी अदबीनं, मागं घसरायला लागली. ब्रेक लागेपर्यंत माझी तीन देवांची नावं घेऊन झाली होती.

मला वाटलं, झालं. नवी नवरी, पहिलीच खेप, आणि गाडी मोडली. आता सगळं माझ्या पायगुणावर येणार. पण सासूबाई शांतपणे खाली उतरल्या आणि दूध उतू गेल्याचं सांगावं तशा म्हणाल्या, "उतर बाई. एक्सल गेला. मी होतो म्होरं, तू माझ्या पावलावर पाऊल टाकत ये."

'मी होतो' ऐकून मी दचकले. माझं माहेर साताऱ्याचं. बाईमाणसानं स्वतःबद्दल असं पुरुषासारखं बोलायचं ही कोल्हापूरची तऱ्हा मला तेव्हा ठाऊक नव्हती. एक्सल म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. ते मात्र लवकरच कळलं. इंजिनची ताकद मधल्या फुगीर गोळ्यातून चाकापर्यंत नेणारा, लाटण्याएवढा जाड पोलादी दांडा. मागच्या चाकांना असे दोन. आमच्या जीपचा त्यातला एक दर पावसाळ्यात जायचाच.

माझे सासरे, म्हणजे मामा, उद्यमनगरात स्वतःचं लेथ मशीन चालवायचे. उसाच्या ट्रॉल्यांचे शाफ्ट करण्यात उभं आयुष्य गेलेलं. ती जुनी लष्करी जीप त्यांनी लिलावात घेतलेली, आणि तिच्यावर त्यांचा जीव होता. बाजारातला एक्सल आणून बसवणं हा त्यांना अपमान वाटे. "शाफ्ट करणाऱ्यानं शाफ्ट इकत आणायचा व्हय?" असं म्हणून ते दर वेळी स्वतः नवा घडवायचे. एका वर्षी पोलाद मऊ लागलं, तर दांडा चकलीसारखा पिळवटून बाहेर आला. पुढच्या वर्षी त्यांनी तो भट्टीत जास्तच कडक केला, तर काचेसारखा तडकला. तिसऱ्या वर्षीचा तुटला तेव्हा ते नुसतेच त्याच्याकडं बघत बसले आणि म्हणाले, "ह्येला काय झालंय आता?" जणू पोरगं परीक्षेत नापास झालं होतं.

तुटके दांडे ते टाकू द्यायचे नाहीत. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, त्यांचा संसार मांडला होता. एकाला म्हैस बांधलेली. एकानं मागचं दार अडवलेलं. एक आखूड तुकडा चटणी कुटायला. आमच्या घरातली मिरची मनगटाच्या नव्हे, एक्सलच्या जोरावर कुटली जाते, असं माझा नवरा म्हणायचा. तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला. शिफ्टवरून आला की बापाच्या जीपवर दोन विनोद करायचा आणि झोपायचा. गाडीला हात लावायचा नाही.

असं चार-पाच पावसाळे चाललं. मग आत्यांच्या माहेरची माणसं आली.

आत्यांचं माहेर संकेश्वरच्या बाजूला. तिकडून त्यांचे थोरले भाऊ, भावजय आणि आणखी चौघं असा लवाजमा रान बघायला आला. मामांनी सगळ्यांना जीपमध्ये कोंबलं. त्या वर्षीचा एक्सल नवा होता, आणि त्याचं कौतुक ते तलावापासून चढापर्यंत सांगत होते. चढाच्या निम्म्यात आवाज आला. तोच. मला आता तो घड्याळाच्या टोल्यासारखा ओळखू यायचा. सहा पाहुणे चपला हातात घेऊन चिखलात उतरले. भावजयबाई चिखलात बसल्या त्या उठेचनात; दोघांनी ओढून काढल्या. "अय्यो शिवने!" एवढंच त्या कानडीत म्हणत होत्या.

थोरल्या मामांनी, म्हणजे आत्यांच्या भावानं, धोतर खोचलं, गाडीकडं बघितलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "दाजी, आमच्याकडं एक बैलगाडी रिकामीच हाय. लावून देऊ का?"

सगळे हसले. आत्याही हसल्या. मामा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहा न घेता बाहेर पडले. दुपारी एक टेम्पो दारात आला. हायवेवरच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी आणलं होतं ते एका मोठ्या लष्करी गाडीचं मागचं धूड: एक्सल, गोळा, नळकांडी सगळं अखंड. उतरवायला सहा जण लागले. जीपचा जुना एक्सल त्याच्याशेजारी ठेवला तर वासराशेजारी रेडा उभा केल्यासारखं दिसलं. आतला दांडा तर मुसळाएवढा.

"आता ह्यो तुटू दे," मामा म्हणाले. "ह्यो तुटला तर मी मिशी काढतो."

पुढचे पंधरा दिवस ते जीपखालीच राहायला गेले म्हटलं तरी चालेल. फक्त दोन पाय दिसायचे. आत्या त्या पायांशी बोलायच्या. स्प्रिंगचे पाटे बसायच्या जागा सरकवल्या, मधला लांब शाफ्ट कापून आखूड केला, नव्या क्लॅम्पा वळवल्या. सोळाव्या दिवशी गाडी खाली उतरली, आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की मागची चाकं दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं बाहेर आली आहेत. पुढून हरणासारखी आणि मागून म्हशीसारखी दिसणारी ती जीप मामांनी ऐटीत गल्लीतून फिरवून आणली. परत आले. फाटकातून तोंड आत गेलं, बूड अडकलं.

 मग मामा उतरले आणि घण घेऊन फाटकाचा एक खांब पाडला.

आत्या ओसरीवरून म्हणाल्या, "गाडी बसंना म्हणून घर कापाय लागलाय बघ ह्यो माणूस. उद्या मी जाड झालो तर काय पाडणार?"

खरी पंचाईत पुढं आली. साध्या रस्त्यावर गाडी झकास पळायची. पण फोर-व्हीलचा दांडा ओढला की ती उड्या मारायची. पाय बांधलेल्या कोंबडीसारखी पुढं हिसका, परत हिसका, आणि मधूनच दांडा जागचा सुटून 'खटाक्'. मामांनी गिअरची पेटी खोलली, परत लावली. तेल बदललं. उद्यमनगरातले दोन जाणते मिस्त्री येऊन गेले. एकानं पेटीला दोष दिला, दुसऱ्यानं पहिल्याला.

मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. त्या दिवशी शाळा सुटून आले तेव्हा मामा पायरीवर बसून चहा बशीत ओतत होते, आणि बशी भरून वाहत होती तरी ओतत होते. मला वाईट वाटलं. धीर करून विचारलं, "मामा, पुढच्या गोळ्यातले दात आणि मागच्या गोळ्यातले दात, सारखेच असतात का?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "म्हंजे?"

"म्हणजे मधला शाफ्ट किती वेळा फिरला की चाक एकदा फिरतं, ते पुढं आणि मागं एकच असायला पाहिजे ना? मागचा तर दुसऱ्याच गाडीचा आहे."

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतात. उठले आणि म्हणाले, "खडू हाय का तुझ्याकडं?"

पर्समध्ये होताच. आम्ही मागचं एक चाक जॅकवर उचललं, दुसरं जमिनीवरच ठेवलं. चाकावर खडूची खूण, शाफ्टवर खूण. एकच चाक मोकळं असेल तर ते दोनदा फिरवायचं, म्हणजे दोन्ही चाकं एकेकदा फिरल्याचा हिशोब मिळतो, हे मला कागदावर मांडून काढावं लागलं. मामांना ते आधीच ठाऊक होतं. ते चाक फिरवत होते, मी साडी गुडघ्यात दाबून जमिनीवर गाल टेकवून शाफ्ट मोजत होते. रस्त्यानं जाणाऱ्या शेजारीणबाई थांबल्या, बघितलं आणि काही न विचारता निघून गेल्या.

मागं पाच फेरे पुरे व्हायला थोडं कमी. पुढं पाचावर आणखी तिसरा हिस्सा. तीन-तीनदा मोजलं, तेच आलं.

"म्हणजे मागची चाकं पुढच्यांपेक्षा जोरात पळायला बघतात," मी म्हटलं. "मागचा पुढच्याला ढकलतोय, आणि पुढचा जागा देत नाही."

मामा जमिनीवर मांडी घालून बसले. कपाळावर खडूचा पांढरा पट्टा. मग एकदम खो-खो हसायला लागले. "च्या मारी! पस्तीस वर्सं शाफ्ट केलं आणि दात मोजलं न्हाईत! घरात मास्तरीण बसलीया आणि मी मिस्त्री हुडकत फिरतोय की!" आणि ओसरीकडं तोंड करून ओरडले, "अगं ऐकलंस का? गाडीला काय झालं न्हाय. गणित चुकलंतं!"

"मग मास्तरीणबाई, दे त्या गाडीला दहा छड्या," आत्या आतून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मामा मला घेऊनच भंगारवाल्याकडं गेले. त्याच जातीच्या गाडीचा पुढचा एक्सल कोपऱ्यात पडलेला. भंगारवाला म्हणाला, "बसतंय पावणं, डोळं झाकून न्या." मामा म्हणाले, "डोळं झाकून एकदा नेलंय. आता आमच्या सूनबाई मोजणार, मग न्हेणार." भंगाराच्या ढिगात मी दोन तास बसले. पुढच्याचे फेरे मागच्याइतकेच भरले, तेव्हाच तो टेम्पोत चढला.

आता जीप पुढूनही म्हशीसारखी दिसायला लागली. पण दांडा ओढला की उडी नाही, हिसका नाही. मामांनी परसात चार चकरा मारल्या आणि किल्ली काढून माझ्यासमोर धरली.

"शिक."

"मी?"

"तुझ्या हिशोबावर चालतीया. तूच चालव."

महिनाभर कळंब्याच्या माळावर मी ते स्टिअरिंग वळवायला शिकले. वळवायला म्हणजे त्याला लोंबकळायला. दांडग्या एक्सलची आणि रुंद टायरची ती गाडी वळवताना मी सीटवरून अर्धी उठायचे. मामा शेजारी बसून एकच वाक्य म्हणायचे, "घाबरू नगंस, ती तुझ्यापेक्षा म्हातारी हाय." नवऱ्यानं एकदा शेजारी बसून बघितलं. त्या दिवशी त्याला विनोद सुचला नाही.

पुढच्या पावसाळ्यात मामांनी संकेश्वरला निरोप धाडला की रान बघायला या. तेच थोरले मामा भावजयबाईंना घेऊन आले. मला चालवायला बसलेली बघून त्यांनी बहिणीकडं बघितलं. आत्या म्हणाल्या, "बस गप. मीबी बसलोय न्हवं?"

चढ लागला. मी दांडा ओढला, पहिला गिअर टाकला आणि मामांनी सांगितल्याप्रमाणं घाई केली नाही. चाकं रुतली, फिरली, पुन्हा धरली. निम्मा चढ आला. गाडीतले सगळे श्वास रोखून त्या आवाजाची वाट बघत होते. मीही. आवाज आला नाही. चिखल दोन्ही बाजूंनी कारंज्यासारखा उडत होता आणि जीप रेड्याच्या चालीनं वर जात होती. माथ्यावर पोचलो तेव्हा मामांनी टोपी काढून घाम पुसला. मेहुण्याला म्हणाले, "बैलगाडी इकली का ठेवलीया अजून?"

परत निघताना माथ्यावरच मागच्या चाकांकडं जाणाऱ्या मधल्या शाफ्टचा सांधा तुटला. एक्सल धडधाकट होता, म्हणून त्याच्यापुढचा अशक्त सांधा गेला. मला रडू आलं. मामांना मात्र आनंद झालेला. "एक्सल न्हाय तुटला की! एक्सलला काय न्हाय झालं!" असं चारचौघांना सांगत त्यांनी मोडका शाफ्ट सोडवला, मांडीवर घेतला, आणि पुढच्या चाकांच्या जोरावर मी गाडी हळूहळू घरी आणली. वाटेत आत्यांच्या भावजयीनं, बोलता बोलता, मला विचारलं, "लायसन काढलंस कवा?"

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, ते राहिलंच होतं.

म्हणून मी परीक्षेला गेले. ड्रायव्हिंग स्कूलची छोटी हलकी गाडी दिली होती. पहिल्याच वळणावर मी सवयीप्रमाणं सीटवरून अर्धी उठून, सगळा भार टाकून स्टिअरिंग ओढलं. ते कापसासारखं गर्रकन फिरलं आणि गाडी मैदानाच्या कडेच्या कर्दळीत जाऊन उभी राहिली. आरटीओच्या साहेबांनी चष्मा सावरला, फुलांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"बाई, ह्याच्या आधी काय चालवत होता? रोलर?"

मी तोंड उघडायच्या आत कुंपणापलीकडून मामांचा अभिमानानं भरलेला आवाज सगळ्या मैदानभर घुमला, "जीप, साहेब! हेवी एक्सलची! वरीसभर चालवतीया!"

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला पुढच्या महिन्यात परत यायला सांगितलं. येताना सासऱ्यांना घरी ठेवून या, असंही म्हणाले.