कांडणबाईचं मुसळ

पिंपळटोलीच्या तुरुंगात कोणी कधी फासावर गेलं नाही, कारण तिथे फास नव्हताच. रजिस्टरात तसं स्वच्छ लिहिलेलं होतं, पण रजिस्टर वाचतो कोण? गोऱ्या साहेबाच्या काळात कैद्यांना उपाशी ठेवून आणि फटके मारून त्या तुरुंगाने एवढी बदनामी कमावली होती, की भंडारा जिल्ह्यातल्या आया हट्टी पोरांना त्याच्याच नावाने गप्प करायच्या. इतकी जुनी बदनामी आणि एकही भूत नाही, हे गावाला जरा कमीपणाचंच वाटत असावं. १९७१ साली ती उणीव भरून निघाली. भूत बाईचं होतं, नाव कांडणबाई, आणि ते घडवलं शकुनबाईने.

शकुनबाईचा नवरा त्याच तुरुंगात शिपाई. काविळीने तो गेला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि मुलगी चंद्रकांता अडीच. सरकारला दया आली आणि तिला बायकांच्या कोठडीवर पहाऱ्याला घेतलं. बायका कैदी म्हणजे मोहाची दारू गाळताना सापडलेल्या दोन-तीन जणी. त्या दिवसभर अंगणातल्या उखळात तुरुंगाचे तांदूळ कांडायच्या आणि तोंडाने पोलिसांना कांडायच्या. अंगणाला लागून शकुनबाईची एक खोली. तरुण विधवा आणि आतून लावलेली कडी एवढं जुळून आलं की आजूबाजूच्या पुरुषांना एकदम थंडी वाजायला लागते.

जमादार यादोराव यांना सगळ्यांत जास्त वाजायची. रात्री दहाला दारावर टकटक. "शकुन, चिलमीले इस्तो दे ना वो."

पहिल्या रात्री तिने फटीतून निखारा दिला. दुसऱ्या रात्री चूल विझली म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "मंग मी पेटवून देतो."

तुरुंगाच्या साहेबाकडे तक्रार न्यावी, तर साहेब आधी हेच विचारणार की तुझ्याच दारावर का. तिसऱ्या रात्री पावलं वाजली तशी तिने दिवा मालवला, मागच्या दाराने अंगणात गेली आणि रिकाम्या उखळात मुसळ घालू लागली. उखळात धान असलं तर आवाज दबका येतो. रिकामं उखळ छातीत वाजतं. पाच-सहा घावांत पावलं पळाली.

सकाळी यादोरावांनी घसा खाकरून विचारलं, "रात्री कोन कांडत होता वो?"

शकुनबाईने झाडू थांबवला नाही. "तुमाले बी आयकू आला?"

तिचं योगदान एवढंच. बाकीचं यादोरावांनी केलं. आठवड्याभरात भुताला नाव आलं, उलटे पाय आले, आणि कांडता कांडता मेलेल्या कैदिणीची कहाणीही आली. जिवंत बाई नाही म्हणाली तर पुरुषाला कळत नाही. मेलेली म्हणाली की लगेच कळतं. दर अवसेला चार घाव घालून शकुनबाई भुताची निगा राखायची आणि उरलेला महिना निवांत झोपायची. सतरा वर्षं असं छान चाललं.

मग चंद्रकांता लग्नाची झाली.

मुलगी डी.एड. झालेली, दिसायला नीटस, आवाज खणखणीत. दोन ठिकाणचे लोक पाहून गेले, पोटभर पोहे खाऊन गेले आणि घरून निरोप धाडला, की पोरगी कांडणबाईच्या अंगणात वाढली, उद्या तिच्या अंगात आली तर? ही माहिती त्यांना पुरवली यादोरावांनी. ते आता निवृत्त होऊन तुरुंगाच्या फाटकासमोर, धनीरामच्या चहाच्या टपरीवर दिवस काढत. जो चहा पाजेल त्याला सगळी कथा फुकट. मनगटावर भुताची पाच बोटंही दाखवत. तो तेलाचा चटका होता, हे त्यांच्या बायकोला माहीत होतं, पण तिला कोणी चहा पाजून विचारलं नाही.

"आई, खरं सांगून टाक ना," चंद्रकांता म्हणायची.

"सांगू? मंग ते इचारतीन, जमादार तुया दारात कायले आलता. तुयी सोयरीक त्या भुतासंगच करा लागन मंग."

आणि ते खोटं नव्हतं. अशा गोष्टीत टकटक करणारा घरी जाऊन झोपतो, आणि चर्चा होते दाराची.

तिसरं स्थळ वरठीचं. मुलगा इश्वर कारखान्यात फिटर. हेही परत गेलं असतं तर चौथं येणार नव्हतं, हे शकुनबाईला पक्कं ठाऊक होतं. रविवारी सकाळी मुलगा, त्याचे वडील कृष्णराव आणि आई सुलोचनाबाई एस.टी.ने उतरले, आणि उतरले ते नेमके धनीरामच्या टपरीसमोर. अर्ध्या तासाने ते क्वार्टरमध्ये आले तेव्हा त्यांच्यासोबत यादोराव होते. कृष्णराव त्यांना साक्षीला घेऊन आले होते.

पोहे झाले. चंद्रकांता चहा देऊन आत गेली. कृष्णरावांनी बशी खाली ठेवली. "पोरगी आमाले पसंत हाये जी. शिकेल हाये. मातर हे भाऊ सांगून राहिले तसं असन, तं घरात न्याले भेव वाटते."

आता उखळात डोकं घातलंच आहे, शकुनबाईने मनाशी म्हटलं, तर घाव कोण मोजतो. "भूतगीत काई नाई जी. सतरा वर्षं मीच कांडत होती."

कृष्णरावांनी तिच्याकडे फार कनवाळूपणे पाहिलं. "पोरीच्या मायेपायी बोलून राहिल्या तुमी. समजते आमाले."

खोटं बोलायला तिला चार शब्द पुरले होते. खरं मात्र कोणी घ्यायला तयार नव्हतं.

"बाईले काय मालूम," यादोराव म्हणाले. "ते तं झोपली राहे. आयकलं मी."

सुलोचनाबाई इतका वेळ पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात होत्या. त्यांनी बशीतून मान वर केली. "का जी भाऊ, ते बाई आजवर कोनाकोनाले दिसली?"

यादोराव खुलले. स्वतः, दोन शिपाई, एक ठेकेदार, दवाखान्यातला कंपाउंडर.

"अन् बायायमंधी?"

"बायायले नाई धरत ते. बाप्यायलेच धरते."

"कोन्या जागी?"

"हे काय, या बायकायच्या अंगनापाशी."

"रात्रीचे तुमी इथं कायले आलते?"

"इस्तो न्याले. चिलमीसाठी."

"जमादार होते ना जी तुमी? येवढ्या मोठ्या जेलात आगपेटी नोती?"

यादोराव बशीतला पोह्याचा एक दाणा बोटाने फिरवू लागले. "त्या टायमाले टंचाई असन," कृष्णराव त्यांच्या मदतीला धावले. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. इश्वरला कळलं असावं, कारण तो एकदम छताकडे पाहू लागला.

सुलोचनाबाई उठल्या. "इहीनबाई, मले ते उखळ दाखवा."

शकुनबाईच्या कानांनी तो शब्द बरोबर टिपला. अजून सोयरीक ठरली नव्हती, आणि ही बाई तिला विहीण म्हणत होती.

अंगणात कोणी नव्हतं. सुलोचनाबाईंनी मुसळ उचललं, एकदाच उखळात सोडलं, कान देऊन ऐकलं. आत खोलीत कोणाची तरी बशी खणकन वाजली.

"चांगला वाजते," त्या म्हणाल्या. मग खालच्या आवाजात, "माया घरी नाग होता."

"नाग?"

"तनशीच्या खोलीत. मी बैलाइच्या चाऱ्यासाठी तनस काढाले गेली का माये भासरे, मालकाचे मोठे भाऊ, बी मांगून येत. एक डाव बोंबलली, नाग हाये मनून. मंग कोनी फिरकलं नाई."

"अन् आता?"

"आता काय. आमचे हे बुढे अजून नागपंचमीले तिथं दूध ठेवतात. मांजर पेते."

दोघी हसल्या नाहीत. मुसळ दोघींच्या मध्ये उभं होतं आणि दोघींचेही हात त्यावर होते.

मुसळासकट आत येऊन सुलोचनाबाईंनी निकाल दिला. सोयरीक पक्की. आंदणाला भंडाऱ्याची पितळी भांडी नकोत, घरात ठेवायला जागा नाही. हे मुसळ द्यावं.

"अवं," कृष्णराव मुसळापासून चार बोटं मागे सरकले, "त्याच्या मांगं मांगं ते बी आली तं?"

"येऊ द्या. आपल्या घरी बापेच बापे हायेत, चांगलं ध्यान ठेवन."

इश्वर सकाळपासून पहिल्यांदा बोलला. "एस.टी.त मावन का?" त्याने नजरेनेच मुसळाची लांबी मोजली. दाराआड चंद्रकांता खुदकन हसली आणि मग खोकल्याचं निमित्त केलं.

मुसळ सरकारी नव्हतं. सरकारी मुसळ केव्हाच मोडलं होतं, हे शकुनबाईने स्वतः बाजारातून आणलेलं. त्यामुळे रजिस्टरात काही खोडावं लागलं नाही. वैशाखात लग्न झालं. कांडणबाई आता वरठीला राहायला गेली असं यादोराव टपरीवर सांगू लागले. ते बोलताना जरा हळहळत, कारण त्यांना चहा पाजणारे कमी झाले होते.

मुसळ वरठीच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात उभं आहे. चंद्रकांता सकाळी शाळेत शिकवायला जाते, संध्याकाळी येऊन त्याच्या शेजारी बसून भाजी चिरते. आणि कृष्णराव पाण्याचा पेला घ्यायलाही आत यायचं असलं, तरी उंबऱ्याबाहेर थांबून दोनदा खाकरतात.