रूथमावशीचा शेवटचा नाताळ

आईचा फोन दुपारी आला तेव्हा मी ऑफिसात होते. "रूथताई गेली," एवढंच म्हणाली. मग थोडं थांबून, "आंघोळ झालेली तिची." हे दुसरं वाक्य आईनं का उच्चारलं, ते रूथमावशीला न ओळखणाऱ्याला कळायचं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मावशी कल्याणजवळ मोहन्याला आमच्या शेजारी राहायची. मूळची नगरकडची, कल्याणच्या एका प्रसूतिगृहात नर्स होती. मूलबाळ नव्हतं, पुढे नवराही गेला. आमच्या चाळीतली बरीच मुलं तिच्या हातावर जन्मली. मीही त्यांतलीच. लग्न होऊन कोकणातून आलेली आई पहिल्याच डिसेंबरात तिच्याकडे येशूजन्माचा देखावा बघायला गेली, ती डिंकाचे लाडू घेऊन. "हे कोणाला गं?" मावशीनं विचारलं. "बाळंतिणीला. मूल बघायला रिकाम्या हातानं कसं यायचं?" मावशीचा नवरा हसला म्हणे. ती हसली नाही. लाडवांची वाटी तिनं मातीच्या मरियेपुढे ठेवली आणि म्हणाली, "सगळे बाळाला बघून जातात. हिची विचारपूस करणारी तूच पहिली." पुढे दर नाताळला केकच्या शेजारी डिंकाचे लाडू असायचे.

वर्तमानपत्रात लागल्यावर एकदा मी तिला पुरवणीसाठी नाताळचा अर्थ विचारला. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "राजा म्हणून येता आलं असतं त्याला. आला तान्हं बाळ होऊन. कोणीतरी उचलायचं, न्हाऊ घालायचं, शी-शू काढायची. दुसऱ्याचं करणं सोपं असतं गं, मी जन्मभर केलंय. दुसऱ्याकडून करून घ्यायला मोठं मन लागतं... ते देवानं दाखवलं." छापताना शी-शू गाळलं गेलं. अंक वाचून मावशी म्हणाली, "मग उरलं काय त्यात?"

गेल्या दिवाळीनंतर तिला अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली, बोलणं शाबूत राहिलं. सकाळी एक आया यायची. तिनं केलेलं मावशीला चालायचं, कारण ते तिचं काम होतं. आईला मात्र ती टॉवेलसुद्धा धरू देत नसे. आईनं पेज नेली तर, "ठेव तिथं, मी घेते," म्हणायची, आणि ती पेज तशीच निवायची. यंदा देखावा मांडला नव्हता. नाताळच्या सकाळी आया आली नाही. आई आणि मी गेलो तेव्हा अंथरूण भिजलेलं होतं आणि मावशी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"निर्मले, तू नको. उद्या येईल ती."

"उद्यापर्यंत अशीच पडणारेस?"

"पडेन. तुझी बाळंतपणं मी केलीत. तू माझं हे काढायचं नाहीस."

आईनं पाणी तापत ठेवलं. कोपर बुडवून बघितलं. मग पलंगाशी येऊन, आवाज न चढवता म्हणाली, "ताई, तुझा देव मरियेकडून सगळं करून घेतो. तू काय त्याच्याहून मोठी लागून गेलीस?"

चर्चमधून परतणारी माणसं दारावरून जात होती... मग मावशीनं चांगला हात हळूहळू वर केला, गाऊनची बाही काढता यावी म्हणून.

त्यानंतर रोज सकाळी आईच तिला आंघोळ घालायची. आयाला फक्त उचलायला घ्यायची. पाणी ओतताना दोघी कोणाकोणाच्या सुनांबद्दल बोलत बसायच्या. शेवटच्या दिवशीही आईनं तिची वेणी घालून दिली, आणि दुपारी ती गेली.

आई एकटी राहते. कोणी हाताखाली आलेलं तिला कधीच खपलं नाही. माझ्या हातून पाण्याचा तांब्याही घेत नसे. गेल्या रविवारी गेले तर तिचा खांदा धरलेला होता, हात डोक्यापर्यंत जात नव्हता. मी काही म्हणायच्या आत तिनं फणी माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे पाठ करून खाली बसली.