जाळीला चिकटलेला पाय
परवा धुळ्यात सायकलच्या दुकानात नव्या रबराचा वास आला आणि माझे दात आपोआप आवळले गेले. नव्वदच्या आसपास मी पाणबुड्या होतो. पाठीवर हवेची टाकी बांधून, तिच्या नळीचं रबरी टोक दातांत धरून धरणांतली, पंपघरांतली कामं करायचो. शिंदखेड्याकडे तापीकाठच्या एका पंपाच्या विहिरीत, तळाच्या लोखंडी जाळीत कपाशीच्या पऱ्हाट्या आणि गाळ अडकला होता. पंपाचे तिन्ही फ्यूज माझ्या पिशवीत आल्याशिवाय मी पाण्यात उतरत नसे, त्या दिवशीही ते घेऊनच उतरलो. तीस फुटांवर स्वतःचा हात दिसत नव्हता. चाचपडत पऱ्हाट्या उपसत असतानाच पाणी थरथरलं आणि माझा उजवा पाय मांडीपर्यंत जाळीला चिकटला. मी दोरीला झटक्यांवर झटके दिले. वर दोरी धरून बसलेले आबा "बंद करा रे, माणूस खाले शे" असं ओरडत धावले आणि त्यांनीच मेन स्विच पाडला. मी वर आलो तेव्हा पंपघराचे साहेब चहा पीत होते. "फ्यूज माझ्याजवळ होते," मी म्हणालो. "तारेनं जोडून घेतलं. निम्म्या जाळीतून पाणी किती येतं ते बघत होतो." "मी आत असताना?" "दोनच मिनिटं तर चालवला." आबा म्हणाले, "मंग साहेब, दोन मिन्टं तुम्हीच उतरा ना." साहेब हसले. उरलेली जाळी तशीच सोडून मी निघून आलो. आजही घरच्या बोअरची मोटर दुरुस्त व्हायची असली, की काम संपेपर्यंत मी मेन स्विचपाशी उभा राहतो. मुलं हसतात, आणि मला त्यांचाही राग येतो.